‘वाहने सावकाश हाका’ एवढे लिहिले की झाले?

मुंबई-गोवा महामार्गावरील अपघाताची बातमी आली की पाठोपाठ एक मजकूर हमखास फिरू लागतो. काम चालू असल्याचा फलक असूनही लोक गाड्या दामटतात, सत्तर टक्के अपघात अतिवेगानेच होतात असे सरकारच सांगते, आणि डायव्हर्जनवर सगळे सावकाश गेले तर एकही अपघात होणार नाही, असा त्याचा आशय असतो.

सत्तर टक्क्यांचा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांतला आहे आणि तो साधारण बरोबरही आहे. मात्र तो देशातील सर्व रस्त्यांचा मिळून आहे आणि पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला आहे. पोलिसांपुढचा पहिला प्रश्न गुन्हा कोणावर दाखल करायचा हा असतो, त्यामुळे ‘भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवून’ हे शब्द फिर्यादीत जवळजवळ ठरलेलेच असतात. कामाच्या जागेभोवती आडोशाला ठेवलेल्या पिंपांवर चकाकणारी पट्टी होती का, याला तिथे जागा नसते.

आता फलकाचे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते, आणि धोका दिसल्यापासून ती सुरक्षितपणे थांबेपर्यंत रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषांनुसार १२० मीटर अंतर लागते. १०० च्या वेगाला हेच अंतर १८० मीटर होते. म्हणूनच याच संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या जागेपूर्वी बऱ्याच अंतरावरून इशारा द्यायचा, मग मार्गिका हळूहळू निमुळती करायची, असा क्रम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फलक डायव्हर्जनच्या तोंडाशीच उभा असतो, पिंपांवरच्या पट्ट्यांवर लाल मातीचा थर असतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत चुना फासलेले दगड दिसतात तेव्हा गाडी त्यांच्यावर गेलेलीच असते. शिवाय काम संपून महिने लोटले तरी फलक हलत नाही. याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. वर्षानुवर्षे तोच इशारा वाचणाऱ्या चालकाचा त्यावरचा विश्वास उडाला, तर नवल ते काय!

राहिला सावकाश जाण्याचा मुद्दा. वेग कमी असावा याबद्दल वाद नाही, आणि धडक किती जीवघेणी ठरेल हे वेगावरच ठरते. पण अशा जागी घातक ठरतो तो वेगांतला फरक: पुढे डंपर वळतो म्हणून रांग थबकते, आणि वळणाआडून येणाऱ्याला रांगेचे शेपूट दिसतच नाही. पाठीमागून बसणाऱ्या अशा धडका कामाच्या जागी विशेष आढळतात. दुचाकीस्वाराला तर वेगाचीही गरज नसते. नव्या काँक्रीटचा थर आणि जुने डांबर यांच्यातल्या वीतभर उंचीच्या कडेला पुढचे चाक घासले की ताशी ३० वरही तोल जातो. या अपघातांत मजूरच मरतात, हाही समज चुकीचा आहे. निदान अमेरिकेत तरी कामाच्या क्षेत्रांतील दर पाच मृतांपैकी साधारण चार जण वाहनांतले असतात.

सगळा दोष चालकाचा, असे कायदाही मानत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांची सुरक्षा-मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. कोट्यवधींच्या कंत्राटापुढे ती किती, हे निराळे.