वेळापत्रक उतरवले, दिनक्रम ठेवला : एका प्रतिक्रियेला उत्तर

माननीय बाई,

सप्रेम नमस्कार.

घरीच शिकणाऱ्या आमच्या दोन मुलांच्या दिवसाविषयी मी जो लेख लिहिला होता, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. प्राथमिक वर्गांना तीस वर्षे शिकवलेल्या व्यक्तीचे म्हणणे घाईने खोडून काढणे मला योग्य वाटले नाही, म्हणून उत्तराला आठवडा लागला. भिंतीवरचे वेळापत्रक काढून टाकल्याचे मी समाधानाने लिहिले, त्यावर आपण म्हणता की ही मोठ्यांची सोय आहे, तिला दिनक्रम म्हणू नये. ठरल्या वेळी नावडते कामही करण्याची सवय लहानपणीच लागावी लागते, हा आपला दुसरा मुद्दा. आणि घरात शिकणाऱ्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबायला कोण शिकवणार, असेही आपण शेवटी विचारले आहे.

वेळापत्रक आम्ही आधी मनापासून पाळून पाहिले होते, हे मूळ लेखातच लिहायला हवे होते. पहिले दोन महिने भिंतीवर रंगीत खडूंनी आखलेला तक्ता होता, त्यात ४० मिनिटांच्या तासिका होत्या आणि प्रत्येक तासिका संपली की मोबाइलचा गजर वाजत असे. एका सकाळी ५२ मधून २७ वजा करण्याचे उदाहरण चालू होते. सात वर्षांच्या मुलाने दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर मांडल्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो बराच वेळ त्या दोन काड्यांकडेच पाहत बसला, आणि मग मी काहीही न सुचवता त्याने एका गठ्ठ्याचे रबर काढले. "आता बारा झाल्या," असे तो म्हणाला आणि तेवढ्यात गजर वाजला. मी त्याला काड्या आवरून भाषेचे पुस्तक काढायला लावले. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण दिले, तर सातातून दोन वजा करून ३५ हे उत्तर लिहून तो मोकळा झाला. ही चूक आपण कितीतरी वह्यांत पाहिली असेल. दशक सुटा करण्याची गोष्ट आदल्या दिवशी त्याच्या हाताशी आली होती आणि ती मीच निसटू दिली. तक्ता त्याच संध्याकाळी उतरवला.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरात पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुलांना सुमारे तीन तासांचा सलग, मध्येच न तोडलेला कामाचा वेळ मिळावा असा आग्रह असतो. याउलट घरी शिकवणाऱ्या पालकांत आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या इंग्लंडमधल्या शार्लट मेसन लहान मुलांसाठी एक पाठ २० मिनिटांपेक्षा लांबू नये असे सांगत. यातले कोणाचे ऐकावे, या विचाराने मी बरेच दिवस गोंधळले होते. रोज मुलांजवळ बसू लागल्यावर लक्षात आले की दोन्ही मते खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या कामांना लागू पडतात. जे काम मी मुलावर सोपवते, त्यात त्याचे लक्ष पंधरा-वीस मिनिटेच टिकते. त्याने स्वतः हाती घेतलेले काम मात्र तासभर चालू शकते, आणि ते मध्ये तोडले तर आधीचा तासही वाया जातो. म्हणून आमच्याकडे आधी छोटे, ठरलेले पाठ होतात आणि त्यांच्यानंतर मोकळा, लांब वेळ येतो, ज्यात काड्यांचे गठ्ठे दुपारपर्यंत जमिनीवर पसरलेले राहिले तरी कोणी त्यांना हात लावत नाही.

आता मोठ्यांच्या सोयीविषयी. मुलांच्या वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते. दुपारपाळी असली की ते घरी येतात तेव्हा मुले झोपलेली असतात, त्यामुळे त्या आठवड्यात सकाळचा वेळ मुले वडिलांबरोबर घालवतात आणि अभ्यासाला १० नंतर बसतात. सकाळपाळीच्या आठवड्यात तोच अभ्यास ८ वाजता सुरू होतो. यात आमची सोय आहे, हे मी लपवणार नाही. परंतु मुलांना वडील भेटावेत, ही मुलांचीही गरज आहे, आणि तिला जागा न देणारे वेळापत्रक कितीही रेखीव असले तरी ते आमच्या घराचे ठरले नसते. सुरुवातीची वेळ बदलली तरी कामांचा क्रम आम्ही बदलत नाही. चार वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, पण न्याहारी झाली की दादाची वही निघते हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि वही दिसली की ती आपला बटणांचा डबा घेऊन सतरंजीच्या तिच्या कोपऱ्यात येऊन बसते. तिला कोणी बोलवावे लागत नाही. शाळेच्या घंटेने मूल आपोआप सावध होते, असे आपण लिहिले आहे. आमच्याकडे घंटेचे काम ती वही करते.

झोपेची वेळ मात्र आम्ही घड्याळाप्रमाणेच पाळतो, वडिलांची पाळी कोणतीही असो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १० ते १३ तास झोप आणि किमान १८० मिनिटे हालचाल असावी असे म्हटले आहे. ही हालचाल घरात बसून पुरी होत नाही, म्हणून आमची संध्याकाळ बाहेरच जाते.

नावडत्या कामाबद्दल आपण जे म्हणता, ते मला पटते, आणि मूळ लेखात त्यावर एक ओळही नव्हती. मुलाला शुद्धलेखन आवडत नाही. तरीही ते रोज १० मिनिटे, न्याहारीनंतर लगेच, पहिले काम म्हणून होते. त्यावर घासाघीस चालत नाही, आणि उद्या दुप्पट लिहितो असे म्हणण्याचीही सोय नाही. यामागे शिस्तीइतकेच दुसरेही कारण आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात पाठांतराची आवर्तने एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत विभागली तर ती कमी पुरतात, असे त्यांना आढळले होते. अक्षराचेही तसेच होत असावे, असा माझा अनुभव आहे. रविवारी एकदम भरवलेल्या तीन पानांनी त्याचे अक्षर कधी सुधारले नाही.

मुले आजारी पडतात, पाहुणे येतात, एखाद्या दिवशी माझेच डोके दुखत असते. अशा दिवशी मी दिवसाचा फक्त कणा ठेवते: जेवण, झोप आणि मोठ्याने वाचून दाखवलेली एक गोष्ट. दिनक्रम आपल्याला जमला की नाही, हे मी अशा मोडलेल्या दिवसानंतरच्या सकाळी पाहते. जुना तक्ता एकदा चुकला की चुकलेल्या तासिका भरून काढण्याच्या धडपडीत पुढचे चार दिवस बिघडत. आताच्या क्रमात दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर वही निघते आणि गाडी रुळावर येते. वर्गातल्या एवढ्या मुलांना सांभाळताना हजेरी, वह्या तपासणे, एकेकापर्यंत पोहोचणे यांत किती वेळ जातो, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. शेजारी एकच मूल बसलेले असताना त्याच अभ्यासाला दीड तास पुरतो, आणि म्हणूनच आम्हाला ही सवड परवडते. शाळेत तशी सवड ठेवता येणार नाही, हे मी जाणते.

पाळी येईपर्यंत थांबण्याचा आपला प्रश्न मात्र मला चांगलाच लागला. आठवडाभर मी मुद्दाम पाहत राहिले, आणि मुलगा दर दोन मिनिटांनी माझे बोलणे तोडतो, मी प्रत्येक वेळी हातातले काम सोडून त्याच्याकडे वळते, हे दिसले. दोनच मुलांच्या घरात त्याला थांबावे लागतच नाही. म्हणून या महिन्यापासून घरीच शिकवणाऱ्या आणखी दोन कुटुंबांबरोबर दर बुधवारी दोन तास एकत्र बसायचे ठरवले आहे. मुले सहा आहेत, चार ते नऊ या वयांतली. पहिल्या बुधवारी गोष्ट पुढे नेण्याचा खेळ घेतला. प्रत्येकाने एक वाक्य जोडायचे होते. मोठ्या मुलांनी लांबच लांब वाक्ये सांगितली, आणि धाकट्यांची पाळी येईपर्यंत ती उठून खेळायला निघून गेली. इतक्या वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असताना धाकट्यांना थांबणे जमेल अशी पाळी आपण कशी लावत होता, हे सवडीने लिहिलेत तर येत्या बुधवारीच तसे करून पाहीन.

आपली,
एक पालक