बारा मिनिटं वाचतील

गुहागरला जायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी मोबाईलमधले 'शुभ सकाळ'चे गुलाब पुसले. जागाच नव्हती. प्रवासात उपयोगी पडणारी अकरा ॲप्स उतरवायची होती. रस्ता दाखवणारं, पाऊस सांगणारं, पेट्रोल पंप शोधणारं, खोली बुक करणारं, शिवाय सामानाची यादी करून देणारं एक. त्या यादीत स्वेटर होता. आम्ही मे महिन्यात कोकणात चाललो होतो.

सोबत बायको, लेक आणि मामा. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, चिपळूण आगारात, आणि त्यातली निम्मी तरी चिपळूण-पुणे गाडीवर गेलेली. आता धायरीला मुलाकडे असतात. दुसरा कोणी गाडी चालवत असला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत राहतो.

"उंब्रजला आत वळायचं," पुढच्या सीटवर बसता बसता मामा म्हणाले. "पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली उतरलं की चिपळूण. जेवायला गुहागर."

मोबाईल ताम्हिणीचा रस्ता दाखवत होता. आणि मी ते वाक्य बोललो.

"मामा, तुम्ही आता आराम करा. सगळं मोबाईलवर आहे."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मोबाईलकडे. मग डबीतली सुपारी तोंडात टाकली आणि तोंड मिटलं. सुपारी विरघळायला किती वेळ लागतो मला माहीत नाही, पण मामांची ती सुपारी संध्याकाळपर्यंत पुरली.

चांदणी चौकात ॲपमधल्या बाई म्हणाल्या, डावीकडे रहा. नवा चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथे डावीकडे किती प्रकारची असते हे सांगायला नको. एकदा मुंबईच्या वाटेला लागून आणि एकदा बावधन बघून आम्ही पौड रस्त्याला लागलो. मराठी आवाज निवडायचं मी विसरलो होतो, त्यामुळे बाई पौडला 'पाऊड' आणि माणगावला 'मॅनगाव' म्हणत होत्या. पाटीवरची गावं एकतीस वर्षं वाचलेल्या माणसाला हे किती लागत असेल! 'माहाद' ऐकल्यावर मामांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.

ताम्हिणीत नेटवर्क गेलं. ते जातंच, त्यात नवल नाही. पण तेवढ्यात लेकीला गाणं लावून द्यायच्या नादात मी नकाशा बंद केला होता, आणि परत उघडला तर पडदा कोरा. बेसनाच्या रंगाचा, रेघ ना नाव, आणि मधोमध एक निळा ठिपका. आदल्या रात्री मी बायकोला समजावून सांगितलं होतं की जीपीएसला इंटरनेट लागत नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात, त्यांतल्या चारांचा संकेत मिळाला की आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते फोनला कळतं. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. माझा बासष्ट टक्क्यांवर अडकला होता, कारण गुलाब पुसले तरी 'शुभ रात्री'चे चंद्र राहिले होते.

तर आम्ही कुठे आहोत हे अंतराळात चौघांना माहीत होतं. गाडीतही एकाला माहीत होतं. पण तो सुपारी चघळत होता.

घाट उतरून विळ्याला चहाला थांबलो. टपरीवर पैसे द्यायचा क्यूआर कोड होता, पण रेंज नव्हती. इंटरनेट नसताना स्टार नव्व्याण्णव हॅश फिरवूनही पैसे देता येतात, हेही मला माहीत होतं. त्याला सिग्नलची एक तरी काडी लागते, हे तिथे कळलं. टपरीवाला म्हणाला, "त्या फणसाखाली जा, तिथं येते." मी फणसाखाली हात वर करून उभा राहिलो. चार चहा आणि दोन बिस्किटपुड्यांसाठी पाच मिनिटं मी त्या झाडाला ओवाळत होतो. परत आलो तेव्हा मामांनी बंडीच्या आतल्या खिशातली प्लास्टिकची पिशवी काढून पैसे दिलेले होते. बोलले काहीच नाहीत. उरलेली दहाची नोट नीट घडी घालून ठेवली, एवढंच.

महाडच्या पुढे पडद्यावर लाल रेघ उमटली आणि बाई उत्साहात आल्या. दुसरा रस्ता आहे, बारा मिनिटं वाचतील.

या बारा मिनिटांचं काय करतो आपण? घरी मी रोज बारा मिनिटं नुसता चप्पल शोधतो. पण पडद्यावर हिरव्या अक्षरांत फुकट बारा मिनिटं दिसली की माणूस वेडा होतो. मी हायवे सोडून उजवीकडे वळलो. मामांचा उजवा पाय जोरात दाबला गेला. मी दुर्लक्ष केलं.

रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा झाला, मग लाल मातीचा, आणि शेवटी शेणाने सारवलेला. म्हणजे ते अंगण होतं. पडवीच्या सावलीत एक आजी बसल्या होत्या आणि उन्हात ताटं मांडली होती, ताटांत आंबापोळी. बाई ठामपणे म्हणत होत्या, सरळ जा. सरळ तुळशीवृंदावन होतं, त्याच्यामागे गोठा.

आजींना काही आश्चर्य वाटलं नाही. "आजचे तुम्ही तिसरे," त्या म्हणाल्या. "वळवा इथंच. कालच्याने दोन ताटं चिरडली."

मला घाम फुटला. मागे चिरेबंदी गडगा, पुढे तुळस, दोन्ही अंगांना आंबापोळी. गाडीत मागचं दाखवणारा कॅमेरा आहे, पण त्यात फक्त लाल धूळ आणि एक कोंबडी दिसत होती. तेव्हा मामांनी दार उघडलं. खाली उतरले, गाडीच्या मागे गेले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे. हां! बास. आता कापून घे. अजून काप."

ताटाला धक्का न लागता गाडी वळली. मामांनी डिकीवर दोन थापा मारल्या. एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. मी निघालोच होतो, बायको ओरडली म्हणून थांबलो. मामा अजून बाहेरच होते. आजींशी बोलत होते. परत आले ते आंबापोळीचं पुडकं घेऊन. बसले आणि पुन्हा मौन.

पण तोवर आम्ही हायवेपासून इतके लांब आलो होतो की बाईंनी बेतच बदलला. आता दापोलीवरून दाभोळ आणि तिथून खाडी ओलांडून धोपावे. नकाशावर वाशिष्ठीच्या मुखावर एक नाजूक तुटक रेघ होती, फेरीबोटीची, दहा मिनिटं. आणि खरोखर दहाच मिनिटं लागतात. पण बोटीत जायच्या आधी रांगेत उभं राहावं लागतं, हे त्या रेघेवर कुठे लिहिलेलं नव्हतं. मे महिन्यातला शनिवार. पुढे तेवीस गाड्या, मी मोजल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या काचेवर तोच नकाशा उजळलेला. जगातून सगळेजण आपापली बारा मिनिटं वाचवून दाभोळच्या धक्क्यावर आले होते. लेक मागून म्हणाली, "बाबा, ॲपमध्ये भूक लागल्याचं काही आहे का?" आंबापोळी संपली.

आमचा नंबर लागला तेव्हा सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला होता आणि मोबाईल चार टक्क्यांवर होता. बोट निघाली. मी इंजिन बंद करून बाहेर उभा राहिलो. सकाळपासूनचा पहिला चांगला वारा. दाभोळचा धक्का मागे मागे जात होता. आणि उघड्या खिडकीतून बाईंचा आवाज आला, शेवटच्या चार टक्क्यांतला:

"शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या."

मामांनी एकदा चहूबाजूच्या पाण्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुपारी खाडीत गेली आणि तोंड मोकळं झालं. मोबाईल त्यानंतर विझला. धोपाव्यापासून गुहागरपर्यंत मामांनी मला प्रत्येक वळण आधी सांगितलं. दिवा खाली कर, पुढे पूल अरुंद आहे. इथं म्हशी बसतात. बघ, बसल्यात. व्याडेश्वराचं दर्शन सकाळी घेतलं.

परत आल्यावर एक दिवस मामा घरी आले. आपला मोबाईल पुढे करून म्हणाले, "ते तुझं रस्त्याचं घालून दे ह्यात." मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, सत्तरीत माणूस शिकतोय. वापरायचं कसं ते दाखवलं, चूक आढळली तर दुरुस्ती कुठे सुचवायची तेही दाखवलं. हे दुसरं दाखवायला नको होतं.

तेव्हापासून मामा रोज सकाळी चहा झाला की चष्मा लावून नकाशा तपासायला बसतात, पहिलीच्या मास्तरांनी पाट्या तपासाव्यात तसे. चुकीच्या जागी लागलेले थांबे हलवतात. कुंभार्ली घाटाला त्यांनी पाच तारे दिले आहेत. खाली लिहिलंय, "घाट चांगला. उतरताना दुसऱ्यात चालवावे." ताम्हिणीला तीन तारे. त्या अंगणावरही त्यांचा शेरा मी वाचला: "येथे रस्ता नाही. आंबापोळी आहे. मागे बघून वळवावे." ॲपने त्यांचं अभिनंदन केलंय, मामांच्या फोटोला म्हणे भरपूर लोकांनी बघितलं. फोटो आगारातल्या कँटीनच्या पाटीचा आहे.

परवा मला कोल्हापूरला जायचं होतं. म्हटलं, यंदा शहाणपणा करावा. मामांना फोन लावला आणि विचारलं, साताऱ्याच्या पुढे सध्या रस्ता कसा आहे, मधे कुठे आत वळावं का.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग डबी उघडल्याचा आवाज आला.

"तू आराम कर," मामा म्हणाले. "सगळं मोबाईलवर टाकलंय मी."