सोमवारच्या गप्पांमधलं क्रियापद

‘घरातल्या गोष्टी ऑफिसात कशाला?’ एखाद्या सहकाऱ्याने आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगितलं की भारतातल्या चर्चेत हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमधून ती चर्चा ऐकताना वाटतं, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. घरातलं आधी ऑफिसच विचारतं. रुजू होतानाच्या फॉर्मवर अडीअडचणीला कोणाला कळवायचं, मेडिक्लेममध्ये कोण, नॉमिनी कोण. आणि सोमवारी चहाच्या वेळी, सुट्टीत कुठे गेला होतात. लग्न झालेला माणूस याची उत्तरं देतो, तेव्हा तो खासगी आयुष्याचा गाजावाजा करतोय असं कोणी म्हणत नाही.

मराठीत तर पळवाटही अरुंद. ‘जोडीदार’ म्हणून वेळ मारून न्यावी, तर पुढचं क्रियापद सगळं सांगून टाकतं: आला की आली? ‘येईल’ चालतं, त्याला लिंग नाही. ‘आम्ही गेलो होतो’ चालतं. म्हणजे लपवणारा माणूस दिवसभर काळ आणि वचन तपासत बोलतो, नाहीतर गप्पाच टाळतो. मग ‘तो जरा तुटकच आहे’ असं मत होतं, आणि बढतीच्या वेळी तेच आडवं येतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सज्ञानांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. पण खासगी नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये, असं थेट सांगणारा कायदा भारतात अजून नाही. ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या, व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तक्रारदार स्त्री असेल तरच लागू होतो. समलिंगी पुरुषाला त्या कायद्याखालच्या तक्रार समितीकडे जाता येत नाही; कंपनीने स्वतःच्या नियमांत सोय केली असेल तर गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा हे संरक्षण देतो. त्याआधीच्या, 2003 च्या नियमांखाली अपील न्यायालयाने 2008 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट ठरवली: माणूस समलिंगी नाही हे सहकाऱ्यांना माहीत असलं, तरी त्याला तसं चिडवत राहणं हाही छळच. म्हणजे तक्रार करायला आधी ‘मी आहे’ किंवा ‘मी नाही’ असं जाहीर करावं लागत नाही. भारतातल्या कंपन्यांनी आपल्या नियमावलीत उचलावं असं काही असेल, तर ते हे.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. 16 एप्रिल 2025 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ शब्दाचा अर्थ जैविक लिंगापुरता धरला, आणि ट्रान्स कर्मचाऱ्यांनी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं यावर ऑफिसा-ऑफिसांत वाद पेटले.

भारतात ‘आधी समलिंगी लग्नाचा कायदा होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या एचआरने कागद वेगवेगळे करून पाहावेत. भविष्य निर्वाह निधीत कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि त्या व्याख्येत समलिंगी जोडीदार नाही. तिथे कंपनीचा हात खरोखर बांधलेला आहे. गट मेडिक्लेम हा मात्र कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार. नूतनीकरणाच्या बोलणीतच ‘पती/पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ शब्द मागावा. वर्षाच्या मधोमध मागितलं की विषय पुढच्या नूतनीकरणावर ढकलला जातो. जोडीदाराच्या आजारपणासाठीची आणि शोकाची रजा तर कंपनीच्या हातात. तिथे पुरावा मागायचाच, तर विवाहितांकडून जेवढा मागता तेवढाच मागा.

सहकाऱ्यांनी करायचं थोडं आहे, पण नेमकं आहे. कोणी विश्वासाने सांगितलं तर लगेच विचारावं: ‘हे अजून कोणाला माहीत आहे? मी कोणापुढे काय बोलू?’ गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे, तर हे विचारायचं राहून गेल्यामुळे. परदेशी पाठवताना, समलिंगी संबंध गुन्हा असलेल्या देशाची नेमणूक कोणालाही कारण न देता नाकारता यावी. कारण मागितलं, की तोच कबुलीजबाब होतो. आणि जाणीव-जागृतीच्या सत्रात ऑफिसातल्या एकुलत्या एका समलिंगी माणसाला मंचावर बसवून प्रश्न विचारू नयेत. सत्र वरिष्ठांनी घ्यावं, प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर मागवावेत.

ट्रान्स सहकाऱ्याचं नाव बदलताना एक तारीख ठरवा. कागदपत्रं बदलेपर्यंत पगार, कर आणि पीएफमध्ये जुनंच नाव राहतं, पण त्या तारखेपासून बाकी सगळीकडे नवं नाव लागावं: ईमेल, ओळखपत्र, हजेरी, मीटिंगच्या पडद्यावरचं नाव. हमखास विसरतात ते जुन्या मेलचे आपोआप उमटणारे पत्ते आणि सामाईक फोल्डरची नावं. तिथून जुनं नाव महिनोन्महिने डोकं वर काढतं. नावाची चूक मेलमध्ये दिसते तरी, बोलण्यात चूक होते ती क्रियापदात. ती तिथेच दुरुस्त करून पुढे जावं: ‘ती आला... आली, आणि फाईल देऊन गेली.’ पाच मिनिटं माफी मागत बसलं, की ‘जाऊ दे, चालतं’ म्हणत समजूत काढायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडतं.