जकार्तात वाद घालायला जाताय? हे वाचून जा

इंडोनेशियाला निघालात आणि बॅगेत फक्त सनस्क्रीन भरलंत, तर अर्धा देश बघायचा राहील. बालीचे किनारे कुणीही बघतो. खरा देश रस्त्याकडेच्या वारुंगमध्ये, म्हणजे टपरीवर, बाकड्यावर बसलेला असतो : पुढ्यात गाळ बसलेली काळी कॉफी, बोटांत लवंगेची क्रेतेक सिगारेट आणि तोंडात राजकारण. तिथे मत नसलेला माणूस पाहुणा, मत असलेला घरचा. म्हणून मत घेऊन जा. कुठलं, ते फारसं महत्त्वाचं नाही.

सराव पेजेपासून करा. सकाळी हातगाडीवर बुबुर आयाम मिळतं. तांदळाची दाट पेज, तिच्यावर कुस्करलेलं चिकन, तळलेले सोयाबीन, कांद्याची पात, गोडसर सोया सॉस, सांबाल ही मिरचीची चटणी आणि सगळ्यांच्या डोक्यावर क्रुपुक हा कुरकुरीत पापड. प्रश्न एवढाच, की हे ढवळून खायचं की न ढवळता? हसू नका. या प्रश्नावर तिथे चांगली शिकलेली माणसं तावातावाने बोलतात. न ढवळणाऱ्यांना ढवळलेल्या वाटीकडे बघवत नाही. ढवळणारे म्हणतात, मग तळाशी उरलेली फिकी पेज कशाशी खाता? तुम्ही नवखे आहात, तेव्हा अर्धी वाटी ढवळा, अर्धी तशीच ठेवा. दोन्ही बाजू तुमच्यावर तुटून पडतील आणि राजकारणाची तुमची तयारी पूर्ण होईल.

राजकारणात आधी प्राणी ओळखायला शिका. २०१४ आणि २०१९ मध्ये जोको विडोडो ऊर्फ जोकोवी आणि प्रबोवो सुबियांतो राष्ट्राध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे होते. जोकोवींचे समर्थक ते चेबोंग, म्हणजे बेडकाची पिल्लं. प्रबोवोंचे ते काम्प्रेत, म्हणजे वटवाघळं. पुढे काद्रुन आला, वाळवंटातला सरडा. ज्याची धार्मिकता जरा जास्तच अरबी वाटते त्याच्यासाठी. तेव्हा कुणी भेटलं की आधी त्याचा प्राणी ठरवा, नाव नंतर विचारा. मेहुणे वटवाघूळ निघाले तर कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडा, पण जाहीर करून सोडा. गुपचूप सोडलात तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि शिवी देताना शेवटी ‘पाक’, म्हणजे ‘साहेब’, जोडायला विसरू नका. ‘तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, पाक?’ वडीलधाऱ्यांचा मान राहिलाच पाहिजे.

वर्तमानपत्र मात्र वाचू नका. निष्ठेला बातम्या बाधतात. नाहीतर तुम्हाला कळेल, की मे २०१९ मध्ये निकाल लागल्यावर जकार्तात दंगल झाली, त्यात माणसं गेली, आणि जुलैत दोन्ही नेते मेट्रोच्या एकाच डब्यात बसून साटे, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, खायला गेले. तिथे जाहीर झालं, की आता बेडूक नाहीत आणि वटवाघळंही नाहीत. ऑक्टोबरमध्ये हरलेले प्रबोवो जिंकलेल्या जोकोवींचे संरक्षणमंत्री झाले. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्याबरोबर हरलेले उपाध्यक्षपदाचे उमेदवारही मंत्री झाले. म्हणजे पराभूत जोडी अख्खी सरकारात, आणि तुम्ही अजून ग्रुपबाहेर. लष्कराच्या भाकऱ्या आपणही भाजतो, पण इथे पलीकडे खराखुरा माजी जनरल बसलेला होता.

२०२४ मध्ये तर जोकोवींचे थोरले चिरंजीव जिब्रान प्रबोवोंचे उपाध्यक्ष झाले. वयाची अट चाळिशीची, चिरंजीव छत्तीसचे. पण घटना न्यायालयाने आधीच्या ऑक्टोबरात निकाल दिला, की निवडून येऊन महापौर वगैरे झालेल्यांना ही अट नाही. चिरंजीव सोलोचे महापौर होते आणि सरन्यायाधीश होते त्यांचे आतोबा. नंतर न्यायालयाच्या नीतिमंडळाने आतोबांना त्या पदावरून उतरवलं, निकाल मात्र जागचा हलला नाही. हे प्रबोवो तुम्ही पाहिलेले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला तेच प्रमुख पाहुणे होते. अशा वेळी जुन्या वटवाघळाने काय करावं? काही नाही. हाच मुळापासूनचा डाव होता, असं सांगावं. जुन्या बेडकानेही तेच सांगावं.

राजकारणाला कंटाळलात तर जोकोवींच्या पदवीकडे वळा. ती खोटी आहे, असा आरोप आहे. गादजा मादा विद्यापीठाने आपला विद्यार्थी म्हणून त्यांच्यावर शिक्का मारला, पण विद्यापीठाचं कोण ऐकतो! प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचा फाँट त्या काळी होता का, यावर तुम्हाला मत हवं. हा वाद ओळखीचा वाटला तर वाटू द्या.

धर्मावर बोलायचं तर आवाज खाली आणा, आणि शक्य असेल तर सोबत वकील ठेवा. ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो आणि राज्याने मान्य केलेले धर्म सहा. बापजाद्यांच्या लोकश्रद्धा पाळणाऱ्यांना त्या रकान्यात जागा मिळायला २०१७ साल उजाडलं, तेही न्यायालयातून. कुठलाच देव न मानणाऱ्यांनी गप्प पेज ढवळत बसावं. २०१२ मध्ये पश्चिम सुमात्रातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने देव नाही असं फेसबुकवर लिहिलं आणि अडीच वर्षांची शिक्षा घेतली. तांजुंग बालाईत २०१६ मध्ये एक बौद्ध बाई म्हणाली, की मशिदीच्या भोंग्याचा आवाज फार वाढलाय. गावातली बौद्ध मंदिरं फोडली-जाळली गेली आणि दोन वर्षांनी अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती बाईलाच. त्यामुळे आवाज मोठा वाटला तर कानात कापूस घाला. तोही हळूच.

तरीही या क्षेत्रात प्रगती करायचीच असेल तर वाद जकार्ताच्या पातळीवर न्या. २०१६ मध्ये जकार्ताचे गव्हर्नर आहोक, चिनी वंशाचे ख्रिस्ती गृहस्थ, भाषणात कुराणातल्या एका आयतीचा उल्लेख करून बसले. २ डिसेंबरला मोनास या राष्ट्रीय स्मारकाच्या मैदानात त्यांच्याविरुद्ध लाखो लोक जमले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आहोक निवडणूक हरले, मे महिन्यात ईशनिंदेबद्दल दोन वर्षं तुरुंगात गेले. त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती उलेमा परिषदेचे प्रमुख मारूफ अमीन यांनी. आता बेडूक होऊन विचार करा. आहोक हे जोकोवींचे जुने सहकारी, गव्हर्नरपदावर त्यांच्याच मागून बसलेले. म्हणजे मारूफ अमीन तुमचे शत्रू. मग २०१९ ला जोकोवींनी उपाध्यक्षपदासाठी कुणाला सोबत घेतलं? मारूफ अमीन यांना. बेडकांनी मत कुणाला दिलं? विचारू नका. आणि आहोक सुटून आल्यावर त्याच वर्षी सरकारी तेल कंपनीच्या संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे प्रमुख झाले. सगळ्यांचं भलं झालं. मैदानात उन्हात उभे राहिलेले तेवढे पुन्हा बसने घरी गेले.

डिसेंबरात ‘मुसलमानाने ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात का’ हा वाद हमखास मिळेल. दरवर्षी नव्याने, जुन्याच मुद्द्यांसकट. त्याची तयारी लागत नाही.

ईदची लागते. मुहम्मदिया ही मोठी संघटना गणिताने चंद्र ठरवते. सरकार आणि त्याहून मोठी नहदलातुल उलेमा तो डोळ्यांनी बघायला माणसं पाठवतात, आणि धर्म मंत्रालयात संध्याकाळी बैठक बसते. २०११ मध्ये छापील कॅलेंडरात ईद ३० ऑगस्टला होती. घरोघरी नारळाच्या दुधातलं कोंबडीचं ओपोर शिजलं, केतुपात, म्हणजे पानांच्या विणलेल्या पुडीतला भात, उकडून टांगला गेला. आदल्या रात्री सरकारने सांगितलं, चंद्र दिसला नाही, ईद ३१ला. मुहम्मदियावाल्यांनी ३०लाच नमाज पढली. बाकीच्या घरांत रोजा एक दिवस वाढला आणि ओपोर पुन्हा पुन्हा उकळत राहिलं. २०२३ मध्येही एक ईद २१ एप्रिलला, दुसरी २२ला.

ईदला तिथे सगळे एकमेकांना ‘मोहोन मआफ लाहिर दान बातिन’ म्हणतात, कळत-नकळत झालेल्या सगळ्या चुकांची माफी. तुम्हीही एकच संदेश तयार करून सगळ्यांना पाठवा : ज्यांना सरडा म्हणालात त्यांना, मेहुण्यांना, पेज न ढवळणाऱ्यांनाही. पाठवण्याआधी समोरच्याची ईद आज आहे की उद्या, एवढं बघा. चुकून एक दिवस आधी गेला तरी बिघडत नाही. माफी आधीच मागून झाली, आता पूर्ण दिवस भांडायला मोकळा.