तीन थाउची शांतता

फोर्ड मॉडेल ए मुळातच अबोल गाडी नव्हे. 3.3 लिटरचं चार सिलिंडरी इंजिन, 40 हॉर्सपॉवर, जन्म 1928 ते 1931 मधला. या वयात थोडं कण्हणं चालायचंच. पण मंद चालीत बॉनेटच्या पुढच्या टोकाकडून येणाऱ्या त्या खटखटीला माझ्याकडे माफी नाही. ती ऐकून शेजारी, पाहुणे आणि दूधवाला तिघंही मान तिरकी करून एकच निदान करतात: "बेअरिंग गेलंय."

बहुधा गेलेलं नसतं. पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन मिनिटभर चालवा, म्हणजे डायनामो आणि वॉटर पंप संशयातून सुटतात. मग लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग शॉर्ट करा. पिस्टनच्या रॉडचा आवाज त्या-त्या सिलिंडरला मवाळ होतो. टायमिंग गिअर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यावर कॅमला फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, मात्र आपलं तुणतुणं सोडत नाही.

दोष कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, स्वभावात आहे. व्हॉल्व्ह उचलताना कॅमला ढकलावं लागतं, आणि उतरताना स्प्रिंगच कॅमला पुढे रेटते. दर वेळी दाताची एक बाजू सुटून दुसरी आदळते. म्हणून फोर्डने क्रँकवर पोलादी आणि कॅमवर फायबरचा गिअर दिला: राळेत दाबलेलं कापड.

आता खरेदी. फायबर गप्प असतो, पण जाताना निरोप देत नाही. दात सोलले की गाडी जिथल्या तिथे उभी, आणि चुरा खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये, ऑइल पंपाच्या जाळीवर. (साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन असल्याने व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, एवढंच समाधान.) अ‍ॅल्युमिनियमचा जन्मभर टिकतो आणि जन्मभर गातो. मी फायबरच्या बाजूचा. फक्त ताज्या मालाचा घ्यावा. कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं वाळलेला 'ओरिजिनल' सुंदर दिसतो, पापडासारखा मोडतो.

आणि एकटा घेऊ नये. झिजलेल्या क्रँक गिअरवर नवा फायबर बसवणं म्हणजे कानशीवर रेशीम घासणं. जोडीच बदला.

पण लोक धातूवरून भांडतात आणि फट विसरतात. दातांमधला बॅकलॅश, म्हणजे हीच फट, 3 ते 4 थाउ (इंचाचा हजारावा भाग) हवा. वहीचा साधा कागद साधारण 4 थाउचा, म्हणजे आपली सगळी शांतता एका कागदाच्या जाडीत. जास्त झाला तर खटखट, कमी झाला तर शिट्टी. आणि मेन बेअरिंगचं लाइन बोरिंग (क्रँक ज्यात फिरतो ती भोकं एका रेषेत पुन्हा कोरणं) झालं असेल, तर क्रँक वर, कॅमकडे सरकलेला असू शकतो. अशा इंजिनात 'जाड दाताचा घ्या, आवाज जाईल' हा सल्ला ऐकला, तर खटखट जाऊन सायरन येतो. तिथे उलट बारीक मापाचा गिअर लागतो. आधी मोजा, मग पैसे काढा.

बसवणं सोपं आहे असं सांगणाऱ्याने रेडिएटर स्वतः उतरवलेला नसतो. रेडिएटर, पुली, मग इंजिनाला पुढून पेलणारा माउंट. त्याआधी चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक, नाहीतर इंजिन मान टाकतं. क्रँक गिअर पुलरने काढा. नवा गरम तेलात तापवून चावीवर सरळ सरकवा. फायबरवर हातोडा नको, मऊ पितळेचाही नको. क्रँकच्या खुणेचा दात कॅमच्या खुणेतच जायला हवा. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, म्हणून तर चूक चार दिवस लपते: ओढ नाही, आणि इंजिन तापतं. मग गिअर फिरवत चार ठिकाणी फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. एका ठिकाणी 3 आणि समोर 7 आले, तर तो वाकडा आहे. परत पाठवा.

एक गोष्ट हमखास खोक्यात उरते: टायमिंग कव्हरमधला स्प्रिंगवाला प्लंजर (दाबणारा खुंटा). दात तिरके, त्यामुळे कॅम पुढे-मागे सरकू पाहतो. त्याला मागे दाबून धरणारा हाच. तो बसवल्याशिवाय सव्वा महिन्याची मेहनत पुन्हा खटखटते.

सगळं जमलं की इंजिन खरंच शांत होतं, आणि त्या शांततेत टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले ढकलणारे तुकडे, ऐकू येऊ लागतात. मूळ टॅपेटला अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच नाही. फट वाढवायची तर व्हॉल्व्हचा दांडा घासायचा, आणि एकदा जास्त घासला की तो परत लांब होत नाही.