तुमची अवस्था निवडा

आज सकाळी साडेदहापासून दुपारी सव्वातीनपर्यंत मी आणि आत्या कराडला स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत बसून होतो. एक फॉर्म भरायला. एकच. कुठली योजना, कुठली साईट ते लिहीत नाही, उगाच कुठल्यातरी कंत्राटी ऑपरेटरची नोकरी जायची आणि साईट तशीच राहायची. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. डोकं फिरलंय.

खरं तर काल रात्री मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, आत्या तू कशाला जातेस, मी देतो की भरून लॅपटॉपवर, अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासतोय. आडनावात 'ळ' आहे आमच्या. मराठीत टाईप केलं तर लाल अक्षरात आलं की विशेष चिन्हे चालणार नाहीत. 'ळ' विशेष चिन्ह! 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले ना आपण सगळ्यांनी? मग इंग्रजीत टाकलं, तर आधारवरच्या स्पेलिंगशी जुळेना, ते जुळवेपर्यंत सेशन एक्स्पायर्ड, परत लॉगिन, परत कॅप्चा, त्यात तो शून्य आहे की ओ आहे हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तीनदा झालं. शेवटी आत्याच म्हणाली, झोप आता, उद्या त्या पोराकडं जाऊ.

तर ते पोरगं. असेल बावीस-तेवीसचं. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, कव्हर फाटलेली, आणि त्यात प्रत्येक सरकारी साईटचे सगळे नखरे लिहिलेले. ही साईट फक्त जुन्या ब्राउझरवर चालते. इथे फोटो 20 केबीच्या आत, तिथे 20 केबीच्या वर. हा फॉर्म रात्री अकरानंतर भरणे. इथे जन्मतारीख टाईप करू नये, कॅलेंडर उघडून एकेक महिना मागं जावं (म्हणजे आत्यासाठी 1954 पर्यंत, करा हिशोब किती वेळा क्लिक). मी ती वही चाळत बसलो आणि खरंच सांगतो, लाज वाटली. आम्ही ज्याला युजर टेस्टिंग म्हणतो आणि क्लायंटकडून त्याचे वेगळे पैसे घेतो, ते या पोराने एका बॉलपेनने करून ठेवलंय आणि त्याला आजवर कुणी विचारायला आलेलं नाही.

त्याने साईटची भाषा मराठी केली. मशीनने केलेलं भाषांतर. 'स्टेट'च्या जागी आलं, तुमची अवस्था निवडा. त्याने सवयीने वाचून दाखवलं, आज्जी, अवस्था. आत्या म्हणाली, बघतोयस की रं बाळा.

हसलो आम्ही. पण पुढचं ऐका.

खाली एक रकाना होता, पतीचा मोबाईल क्रमांक. लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे सोडणार नाही. वर वैवाहिक स्थितीत 'विधवा' निवडलेलं आहे, तरीही. मामांना, म्हणजे आत्याच्या मिस्टरांना, जाऊन सहा वर्षं झाली. पोरगं काही बोलायच्या आत आत्याने त्यांचा नंबर घडाघडा म्हणून टाकला. दहाच्या दहा आकडे, तोंडपाठ. आणि त्याने सवयीने टाईप केला, आणि ओटीपी पाठवा दाबलं. आम्ही तिघंही त्या स्क्रीनकडे बघत बसलो, तो दोन मिनिटांचा उलटा काटा चालू होता. आत्याने हळूच विचारलं, आता कुणाकडं असंल रं तो नंबर?

तुम्हीच सांगा काय उत्तर द्यायचं.

आता काही जण म्हणतील, अरे पण सातबारा बघ. हो, बघितलाय. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, 15 रुपयांत, घरबसल्या, तलाठ्याला शोधत फिरावं लागत नाही, मीच माझा तीनदा काढलाय. चांगलं आहे. मान्य. पण म्हणजे यांना जमतं! जमत नसतं तर मी गप्प बसलो असतो. आणि नियम नाहीत असंही नाही, सरकारी वेबसाईट कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने 2009 मध्येच काढली, 2023 ला त्यांची तिसरी आवृत्ती आली, त्यात मोबाईलवर नीट दिसावी, अंध माणसालाही वापरता यावी, सगळं लिहिलंय. लिहिलंय छानच.

आणि आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दोन अपिलं, वर आयोग, अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. पण ती मुदत मोजायची कधीपासून? अर्ज पोचल्यापासून. आणि अर्ज लाल चांदणीपाशीच अडकून बसला तर? तर काही नाही. तुम्ही अर्ज केलेलाच नाही. आत्या पाच तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीच नाही. पूर्वी खिडकीवरचा क्लार्क खेकसायचा, पण तो निदान म्हणायचा की बाई, नवरा नाही ना, मग तिथे रेघ मारा. रेघ मारायची सोय होती हो कागदावर!

एक चांदणी काढायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. चहा निवायच्या आत होतं ते काम. आता खरं बोलायचं तर आम्ही आयटीवाले तरी कुठे शहाणे, क्लायंटने एक्सेल पाठवली की त्यातली प्रत्येक ओळ आम्ही कम्पल्सरी करून मोकळे होतो, वर विचारतही नाही की हा फॉर्म भरणार कोण. मीही केलंय. आज तिकडच्या बाजूला बसलो तेव्हा कळलं. आणि ज्यांनी ती एक्सेल पास केली, त्यांना हा फॉर्म स्वतः कधीच भरावा लागणार नाही, त्यांचं काम शिपाई करतो किंवा मुलगा करतो. मला एवढंच हवंय की साईट चालू करायच्या आधी सचिवांनी स्वतःच्या आईला, हाताशी माणूस न देता, तो फॉर्म भरायला बसवावं. उद्घाटनाची फीत नंतर कापा.

तर ओटीपी कुणी सांगणार नव्हतंच. मग पोराने वही उघडली. त्यात एका पानावर लिहिलेलं, "नवरा वारलेला असल्यास आपला नं." त्याने स्वतःचा नंबर टाकला, ओटीपी त्याच्याच फोनवर टुणकन आला, फॉर्म पुढे सरकला. मी विचारलं किती जणींना असं केलंस, तर म्हणाला मोजलं नाही सर, चाळीसेक असतील. म्हणजे सरकारदरबारी हे लग्न न झालेलं पोरगं तालुक्यातल्या चाळीस विधवांचा नवरा आहे. आत्या त्यावर एवढी हसली की डोळे पुसायला लागली. हसूनच पुसत होती, असं मी धरून चालतोय.

पन्नास रुपये घेतले त्याने. मी शंभर दिले तर परत केले.

येताना एसटीत आत्याने पिशवीतून पोचपावती काढली, चष्मा लावला, बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ह्यांचा नंबर होता तो खोडला का रं त्यानं? मी म्हणालो, हो आत्या, खोडला. तिने पावतीची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसली, उंब्रज येईपर्यंत.