उक्त्या कामाचा भाव आणि निम्मा वाटा

वरूड भागात संत्र्याचा बगीचा उभा घेणारा व्यापारी आधी झाडांमधून फिरतो, फळाचा अंदाज घेतो आणि मगच आकडा बोलतो. आम्ही दोघे मित्र मात्र पहिली दोन वर्षे वेबसाइटची कामे बगीच्यात पाऊलही न टाकता उक्ती, म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठोक भाव बोलून, घेत होतो.

शेंदुरजनाघाटच्या एका रोपवाटिकेचे काम आम्ही 24,000 रुपयांत घेतले. बोलणे पाच पानांचे आणि कलमांच्या यादीचे झाले होते. पण यादी वाढत गेली, फोटो मलाच काढावे लागले, आणि जंभेरी खुंटावरची (ज्या रोपावर कलम बांधतात तो खुंट) कलमे कोणती व रंगपूर लाईमवरची कोणती, हे समजून घेऊन मजकूरही मीच लिहिला. शेवटच्या हप्त्यासाठी चार फेऱ्या झाल्या, त्या वेगळ्याच. मित्राचे कोडिंग आठ दिवसांत संपले होते. डोमेन (वेबसाइटचे नाव) व होस्टिंगचे (तिच्या सर्व्हरवरच्या जागेचे) 5,000 वजा जाता उरलेले 19,000 आम्ही निम्मे-निम्मे वाटून घेतले.

यात मित्राची चूक नव्हती, कारण काही ठरलेच नव्हते. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 प्रमाणेही वेगळा करार नसेल तर नफा समान वाटला जातो आणि धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला वेगळा मेहनताना मागता येत नाही. बटईत, म्हणजे वाट्याने केलेल्या शेतीत तरी बियाणे कोणाचे, खत कोणाचे, हे पेरणीआधी बोलून घेतात.

माझे मत असे आहे की आधी कामाची वाटणी करावी आणि तिच्यातूनच भाव काढावा. ग्राहक सांभाळणे हेही काम आहे, हे संगणकासमोर बसणाऱ्याला पटत नाही. (कोडमधली एक चूक शोधण्यात गेलेले चार तास बाहेर फिरणाऱ्याला दिसत नाहीत, हेही मान्य.) म्हणून आता खर्च वजा केल्यावर काम आणणाऱ्याला व वसुली करणाऱ्याला 15 टक्के आणि उरलेले तासांच्या अंदाजाने, असा हिशेब आम्ही धरतो. दोन फेरबदल भावातच असतात, तिसऱ्यापासून पैसे वेगळे. डोमेनचे नूतनीकरण दरवर्षी येतेच, त्यामुळे देखभालीची रक्कमही वेगळी, आणि ती फोन उचलणाऱ्याची.

या रीतीने त्याच कामाचा भाव आज 38,000 निघतो. नागपुरात 8,000 मध्ये करून मिळते, असे ऐकवले जाते आणि ते खोटे नाही. वेबसाइट बनवायचे वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तयार थीम (रचनेचा साचा) चढवून दोन दिवसांत वेबसाइट उभी राहते. ज्याला तेवढेच हवे, त्याला मी स्वतःच तिकडे पाठवतो.

त्याच रोपवाटिकेला यंदा कलमांचे ऑनलाइन बुकिंग हवे आहे. मित्राने आकडा विचारला, तेव्हा मी आधी तासांचा कागद पुढे ठेवला. त्याने माझे सहा तास कमी केले आणि स्वतःचे नऊ वाढवले. बोलणी अजून सुरू आहेत.